सायकल किती, स्वार किती?



जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीचे स्वार मुळशी-मावळच्या रस्त्यांवरून गेले. तेव्हापासून इकडची मुलं-मुली एकच विचारतात : तशी सायकल मिळाली तर आम्हीही तसेच पळू का?

अशा शर्यतीत सायकल 6.8 किलोच्या खाली चालत नाही, म्हणजे सगळ्यांच्या सायकली जवळपास सारख्याच. तरी पहिल्या-शेवटच्यात अंतर पडतंच.

आपला पिरंगुटचा घाट घ्या. चढावर वजन नडतं, तेही स्वारासकट. 70 किलोचा मुलगा 20 किलोच्या काळ्या सायकलवर, एकूण 90. दहा किलोची सायकल दिली की 80. जोर तेवढाच लावला तर 18 मिनिटांचा चढ 16 मिनिटांत होईल. दोन मिनिटं काही थोडी नव्हेत! पण सराव नसलेला माणूस तासभर सव्वाशे वॉटच्या आसपास जोर टिकवतो, कसलेला अडीचशेच्या वर जातो. तो त्याच जड सायकलवर जवळपास निम्म्या वेळात माथा गाठेल.

घाट उतरून पौडच्या रस्त्याला लागलं की वजन मागे पडतं आणि वारा आडवा येतो. पावसाळ्यात ताम्हिणीकडे जाताना तर तो तोंडावरच. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्यातला बराच मोठा भाग सायकलला नव्हे, आपल्या अंगाला होतो. ब्रिटिश सायकलपटू ख्रिस बोर्डमनने 1996 मध्ये हात पुढे ताणून, अंग पार आडवं करून तासात 56.375 किलोमीटर कापले. तासाभराच्या या विक्रमासाठी साध्या सायकलचं आणि साध्या बैठकीचं बंधन आल्यावर 2000 मध्ये तोच बोर्डमन 49.441 किलोमीटर गेला. वय चार वर्षांनी वाढलं होतं, हे खरं. तरी या फरकात मोठा वाटा बैठकीचाच.

म्हणून माझा आग्रह आहे, आधी घरातली सायकल नीट करा. टायर घट्ट भरा, चेन पुसून तेल द्या. आणि सीट बघा. पाय जमिनीला टेकावेत म्हणून बहुतेकजण ती खाली ठेवतात आणि मांड्यांचा जोर वाया घालवतात. पायडल अगदी खाली नेऊन त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला की उंची बरोबर. मात्र एकदम चार बोटं वर घेऊ नका, गुडघ्यामागची शीर धरते. दर आठवड्याला अर्धं बोट पुरे.