गादी सोडण्याचे शास्त्र : सर्बियाचे संत सिमेओन

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



राजवैभवाकडे पाठ फिरवून साधुत्व पत्करणाऱ्यांच्या कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. आज अशाच एका पुरुषाचे चरित्र मी आपणांसमोर ठेवणार आहे. मात्र तो आपल्या भूमीतील नव्हे. आग्नेय युरोपात सर्बिया नावाचा देश आहे. बाराव्या शतकात स्तेफान नेमान्या हा तेथील अधिपती होता. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाज त्यास संत सिमेओन या नावाने वंदन करतो.

नेमान्याचे पूर्वायुष्य साधूचे नव्हते. सुमारे ११६६ साली सख्ख्या भावांशी लढून त्याने सत्ता मिळवली. बायझंटाईन सम्राट मॅन्युएलशी वैर धरले, तेव्हा ११७२ मध्ये अनवाणी पायांनी, गळ्यात दोर घालून त्यास शरण जावे लागले. पुढे त्याने राज्य वाढवले. पाखंडी ठरवलेल्या लोकांना त्याने जाळण्यापर्यंतच्या शिक्षा दिल्या, हे त्याच्याच पुत्राने लिहिलेल्या चरित्रात नमूद आहे. संताचे गुण गाताना ही बाजू झाकणे योग्य नव्हे.

त्याच्या जीवनास वळण लावले ते धाकट्या पुत्राने. रास्तको हा राजपुत्र घरातून निघून ग्रीसमधील अथोस या मठांच्या पर्वतावर गेला आणि साधू झाला. साव्वा हे त्याचे नवे नाव. परंपरा सांगते की, त्यास परत आणण्यास माणसे गेली, तेव्हा त्याने रातोरात दीक्षा घेऊन आपले केस व राजवस्त्रे आईवडिलांकडे धाडून दिली.

काही वर्षांनी पित्यानेही तीच वाट धरली. २५ मार्च ११९६ रोजी सरदारांची सभा भरवून नेमान्याने आपल्या हयातीत, सर्वांसमक्ष राज्य मधला पुत्र स्तेफान याच्या स्वाधीन केले. पत्नी आना हिनेही संन्यास घेतला. तो प्रथम स्वतः बांधलेल्या स्तुदेनित्सा मठात राहिला, नंतर अथोसला पुत्राकडे गेला. तेथे ११९८ मध्ये सम्राटाच्या सनदेने पितापुत्रांस हिलांदार हा उजाड मठ मिळाला व त्यांनी तो पुन्हा उभारला. १३ फेब्रुवारी ११९९ रोजी, साध्या चटईवर, उशाला दगड घेऊन त्याने देह ठेवला. हे वर्णन साव्वानेच लिहून ठेवले आहे.

मी कापडाचा व्यापारी; माझी दृष्टी साहजिकच व्यवहाराकडे वळते. गादीचे हस्तांतर इतके रीतसर होऊनही घर सांभाळले गेले का? नाही. डावलला गेलेला थोरला वुकान रुष्ट होता. १२०२ मध्ये हंगेरीच्या साहाय्याने त्याने धाकट्या भावाची गादी बळकावली. स्तेफानने ती परत मिळवली, परंतु तोवर देश होरपळून निघाला. १२०७ च्या सुमारास साव्वाने पित्याचे अवशेष स्तुदेनित्सास आणले आणि त्यांच्यासमोर दोघा भावांचा समेट घडवला, असे परंपरा मानते.

मला या चरित्राचे मर्म येथेच दिसते. कागदावर सही करून मालमत्ता देता येते. मुलांमधील सलोखा तसा देता येत नाही. तो घडवण्यास ज्यास काहीच नको आहे असा माणूस लागतो. तिघा भावांपैकी ज्याने वाटा मागितला नाही, त्याचाच शब्द उरलेल्या दोघांनी मानला. आणि पित्याचे मोठेपण गादी सोडण्यात जेवढे आहे, त्याहून अधिक ती सोडल्यावर पुन्हा तिच्याकडे वळून न पाहण्यात आहे. आपल्यापैकी अनेकांनी पेढी मुलांच्या हाती दिली आहे. पण तिजोरीच्या किल्ल्या? हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

नेमान्याचे राज्य काळाच्या उदरात गेले. स्तुदेनित्सा मात्र उभा आहे. १९८६ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मार्च २००४ मधील आगीत हिलांदारचा मोठा भाग जळाला, तरी साधूंनी तेथील प्रार्थना थांबू दिली नाही. जे मिळवले ते गेले, जे अर्पण केले ते उरले.