रंगभवन, प्लगपाना आणि आपला पखवाजी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'मुंबईतले अनुभव'. तीस वर्षं मी दुसऱ्यांचे माईक लावले, त्यामुळे माईकसमोर उभं राहायची सवय नाही. आज सकाळी इथले कर्णेसुद्धा मीच बांधलेत. शिट्टी मारली तर शिव्या मलाच द्या.

आपल्या वर्गातल्या एकाबद्दल बोलणार आहे. नाव घेत नाही, कारण त्याची आई समोर बसली आहे आणि नाव घेतलं की मला पुढचं बोलता यायचं नाही. तुम्हाला सगळ्यांना कळलंय कोण ते. सप्ताहात पखवाज वाजवायचा, गणिताच्या तासाला बाकावर बोटं चालवायचा आणि त्यासाठी छड्या खायचा, तो. काकी, तू दर दिवाळीला मला विचारायचीस, "तुम्ही दोघं मुंबईला नक्की करत काय होता रे?" तो सांगायचा नाही आणि मी "लाऊडस्पीकरचं काम" म्हणून टाळायचो. आज सांगतो.

दहावीनंतर आम्ही विंझरहून एसटीने स्वारगेट आणि तिथून मुंबई गाठली. गिरगावात एका मंडप आणि साउंडवाल्या शेठकडे लागलो. लग्नं, गणपती, निवडणुकीच्या सभा, सगळं केलं. खोकी उचलायची, केबल गुंडाळायची, टेम्पोत झोपायचं. केबल गुंडाळण्यातसुद्धा एक रीत असते. पीळ पडला की आतली तार तुटते आणि ऐन कार्यक्रमात आवाज जातो. याच्या हाताला ती रीत आठवड्यात आली, मला वर्ष लागलं.

धोबी तलावाला झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन होतं. उघड्यावरचं नाट्यगृह. 1978 साली तिथे जॅझ यात्रा भरली होती, आणि 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक' भरायला लागलं. पोरं त्याला आयरॉक म्हणायची. फरहाद वाडिया नावाच्या गृहस्थांनी ते सुरू केलं. रॉक मशीन हा तेव्हाचा मोठा बँड, त्यांनीच पुढे इंडस क्रीड हे नाव घेतलं. काळे शर्ट घातलेली, केस वाढवलेली हजारो पोरं यायची. पहिल्यांदा ती गर्दी बघून आपला गडी मला म्हणाला, "आरं, ही तर मेंगाईची जत्राच की." फरक एवढाच, की इथे नारळ फुटत नव्हते.

आमचं काम स्टेजच्या कडेला. मोठ्या बँडचे साउंडवाले वेगळे असायचे. आम्ही ओझ्याचे आणि जनरेटरचे. नव्वदच्या आसपासच्या एका वर्षी दुपारी, उन्हात, एक नवखा बँड सगळ्यांच्या आधी चढला. चार कॉलेजची पोरं. लोकांसमोर उभं राहायची त्यांची पहिलीच वेळ, आणि ती वाजवणार होती ब्लूज. त्या बँडचं नाव आता कुणाला आठवायचं नाही, फार चालला नाही तो. पण गर्दी आली होती धडाडधूम ऐकायला. पहिल्या संथ गाण्यालाच आरडाओरडा सुरू झाला. रंगभवनच्या त्या पायऱ्या कुणाला माफ करायच्या नाहीत. तिथे चांगल्या-चांगल्यांची गाळण उडालेली मी पाहिली आहे.

आपला मात्र मांडीवर बोटं मोजत होता. मला म्हणाला, "बारा चौकडं. अठ्ठेचाळीस मात्रांनी समेवर येत्यात." मी म्हटलं, असेल. तो म्हणाला, "आणि बघ, पयली वळ दोनदा म्हणत्यात, मग तिसरीत जबाब. आपल्या भलरीवानी हाय ह्ये."

हे मला पुढे वीस वर्षांनी पुस्तकं चाळताना कळलं, की तो बरोबर बोलत होता. चार चार मात्रांचे बारा तुकडे. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी चार तुकडे सा धरून, मग दोन मध्यमावर, दोन परत सा, मग पंचम, मध्यम, आणि शेवटचे दोन घरी. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या लोकांच्या गाण्यांतून हे आलं. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. लावणीच्या वेळी चिखलात वाकलेल्या बाया काय वेगळं करतात? शाळेत आम्हाला संगीताचा तास नव्हता, पण भाताची खाचरं होती. आणि काकी, पुढे म्हणणारी तूच असायचीस. त्याचा कान तुझ्याकडून आला.

आता मूळ गोष्ट. त्या बँडचा गिटारवाला करंगळीत काचेची नळी घालून तारांवर घसरवत होता. बाटलीची मान कापून करतात ती. तिने मींड निघते, सूर दोन पडद्यांच्या मधे रडतो. दुसऱ्या गाण्याच्या तोंडाला ती नळी निसटली, स्टेजवर आपटली आणि फुटली. पोरगा खाली बघत राहिला. गर्दीला तर तेच हवं होतं. शिट्ट्या, हशा. गाणारी मुलगी मागे वळून बघायला लागली.

हा पठ्ठ्या जनरेटरच्या हत्यारांच्या पेटीकडे गेला, प्लग खोलायचा नळीसारखा पाना काढला, शर्टाला पुसला, वाकत वाकत स्टेजवर गेला आणि त्या पोराच्या हातात दिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पोराने करंगळीत घालून बघितला, बसला. एकदा तारेवरून फिरवला आणि हसला.

अमेरिकेत लोवेल जॉर्ज नावाचा एक नावाजलेला गिटारवादक असाच पान्याचा सॉकेट घालून वाजवायचा, हेही मला फार उशिरा कळलं. आपल्याला काय माहीत लोवेल जॉर्ज! याला फक्त एवढं कळलं होतं, की नळी पाहिजे, गुळगुळीत पाहिजे आणि बोटात मावली पाहिजे.

लोखंडाचा आवाज काचेपेक्षा जड निघाला. ते गाणं त्यांनी पुरं केलं. गर्दी गप्प झाली असं सांगितलं तर खोटं होईल. पण पुढच्या चार-पाच पायऱ्या गप्प झाल्या. टाळ्या पडल्या, बेताच्याच. खाली उतरल्यावर त्या पोराने पाना परत दिला आणि याच्याशी हात मिळवला. शेठने "स्टेजवर कशाला गेलास?" म्हणून झापलं, ते वेगळं.

पुढचं थोडक्यात सांगतो. 1994 साली वडील गेले म्हणून तो गावी परतला, ते तुम्हाला माहीत आहे. मी राहिलो. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, दिवसा पन्नास डेसिबलची मर्यादा. रंगभवनच्या आसपास कामा आणि जीटी ही दोन इस्पितळं आणि शेजारी कॉलेज. मग तिथलं हे सगळं थांबलं. माझ्या पोटावर पाय आला, तरी नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. माझा डावा कान आता बारीक सूर घेत नाही. डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या आपल्या पोरांना बघितलं की त्या कानात कळ येते.

2011 च्या फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला. आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून, प्रेक्षकांत उभा राहून मी कार्यक्रम ऐकला. शिलाँगचा सोलमेट होता. रुडी वालांग आणि टिप्रिती खारबंगार यांनी 2003 साली उभा केलेला बँड. त्यांचा पहिला कार्यक्रम उमियम तलावाकाठच्या महोत्सवात झाला होता, आणि 2007 साली ते मेम्फिसच्या आंतरराष्ट्रीय ब्लूज स्पर्धेपर्यंत पोचले. आणि बडी गाय. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, लहानपणी लुइझियानात कापूस वेचलेला, खिडकीच्या जाळीच्या तारा काढून पहिलं वाद्य बनवलेला. मी सवयीने मात्रा मोजत होतो. बाजूला कुणी मोजणारा नव्हता. आपला गडी त्याच्या दोन वर्षं आधीच आजारपणात गेला होता.

गावी आल्यावर सप्ताहाचा लाऊडस्पीकर तोच लावायचा. आठवतंय ना, त्याच्या वेळी पखवाज आणि वीणा वेगवेगळी ऐकू यायची? त्याने मुंबईत काय केलं, त्याचा तो एक पुरावा. दुसरा पुरावा मी काल बघून आलो. काकी, तुमच्या ओसरीवर जुनी स्कूटर आहे, तिच्या डिकीत चिंधीत गुंडाळलेला एक प्लगपाना आहे. जनरेटर शेठचा होता, पाना याचा स्वतःचा. नातू म्हणाला, "अजून त्यानंच प्लग खोलतो." मी म्हटलं, खोल, पण हरवू नको.