शांत, मितभाषी आणि प्रार्थनाशील

(खापरखेडा येथील मराठी ख्रिस्ती साहित्य मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)

अध्यक्षपदाला मी पात्र नाही असं म्हणायची रीत आहे. ती पाळली असं समजा.

वर्षभरातल्या ख्रिस्ती मराठी पुस्तकांचा आढावा घ्यायचं मी कबूल केलं होतं. तो लिहून आणलाय, चिटणिसांकडे देतो, स्मरणिकेत छापा. मला दुसरं बोलायचंय. हे बोलायची संधी मी बरीच वर्षं शोधतोय आणि सकाळच्या परिसंवादाने ती आयती हातात दिली.

सकाळी दोन वक्ते भांडले. एकाचं म्हणणं, सेवेत येणारा माणूस आधी निर्मळ हवा, नाहीतर सुवार्तेला बट्टा लागतो. दुसऱ्याचं म्हणणं, देव कुणालाही वापरतो. पहिल्याने पत्रांमधली वचनं काढली, दुसऱ्याने पेत्राचं नाकारणं आणि दाविदाचं पाप काढलं. वचनांना तोटा नाही, संध्याकाळपर्यंत चाललं असतं. वाद जुनाच आहे. ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात ज्या पुढाऱ्यांनी कच खाल्ली त्यांच्या परंपरेतल्या हातून झालेला बाप्तिस्मा खरा की खोटा, यावर 411 साली कार्थेजला बिशपांच्या दोन फळ्या समोरासमोर बसल्या. ऑगस्टीनने बाजू मांडली की कृपा ख्रिस्ताची असते, देणाऱ्याच्या हातावर ती अवलंबून नसते. निकाल त्याच्या बाजूने लागला. निकाल देणारा रोमी बादशहाचा अधिकारी होता, हेही सांगितलं पाहिजे.

मला ऑगस्टीनपर्यंत जायची गरज पडत नाही. माझं काम सिल्लेवाड्याच्या एका मावशीवर भागतं.

मावशीचा नवरा कोळसा खाणीत. ती कामठीच्या बाजूची, जेमतेम वाचता येणारी. तिला सुपारी-तंबाखूच्या खर्र्याचं व्यसन. उपासनेआधी मंडळीच्या पायरीवर बसून पन्नीत खर्रा घोटायची; पहिली घंटा झाली की पन्नी कमरेला खोचून आत. तोंड फाटकं. नळावर भांडण, पंचांशी भांडण. कापणीच्या सणाच्या लिलावात भोपळ्यावर स्वतःच बोली चढवायची आणि पैसे द्यायच्या वेळी ‘एवढा कसा झाला’ म्हणून लिलाव करणाऱ्यालाच झापायची. या बाईने मंडळीच्या नावाने आजाऱ्यांना भेटायला जाऊ नये, असा ठराव एका बैठकीत आला. मी तेव्हा पंच होतो. मी विरोध केला, आणि का केला ते सांगतो.

आमच्यातले एक म्हातारे बाबा रात्री अत्यवस्थ झाले. आम्ही चौघं त्यांना एका इस्पितळात घेऊन गेलो. मी शिकलेला, शर्ट खोचलेला, खिडकीवर नम्रपणे उभा. कुठला तरी कागद कमी होता. मी ‘साहेब, साहेब’ करत राहिलो आणि साहेब पान उलटत राहिले. मावशीने मला खांद्याने बाजूला सारलं. “बुढा मरून राह्यला अन् तू कागद मांगून राह्यला? डॉक्टरले बलाव पयले. कागद मी सकाळी आणतो, नाही आणला त मले इथंच बसवून ठेव.” अर्धा वॉर्ड जागा झाला, डॉक्टर आला, खाट मिळाली. मग ती खाली जमिनीवर बसली आणि तिने प्रार्थना केली. ती प्रार्थनाही भांडणच होती. खिडकीवरच्या माणसाशी ज्या आवाजात बोलली त्याच आवाजात देवाशी. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा ख्रिस्ती धर्माशी काही संबंध नव्हता, ती म्हणाली, “माह्यासाठी बी बोल ना वो बाई.” मावशीने आधी तिचे केस विंचरून वेणी घातली, मग प्रार्थना केली. पुढे ती त्या वॉर्डात दर आठवड्याला जाऊ लागली.

ठराव बारगळला. मावशी गेली तेव्हा मंडळीच्या स्मरणिकेत तिच्यावर अर्धं पान आलं. पहिलं वाक्य होतं: ‘कै. भगिनी या शांत, मितभाषी आणि प्रार्थनाशील होत्या.’ मुद्रितं मी तपासत होतो. म्हटलं, हे तिसरं विशेषण तेवढं ठेवा. संपादक म्हणाले, मेलेल्या माणसाबद्दल बरं तेच लिहावं. छापून आलं. गोष्ट तेवढ्यावर थांबली असती, पण दोनेक वर्षांनी वीज केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्याच्या कामावर ठेकेदाराकडे जाणारी एक तरुण बाई माझ्याकडे आली. तिलाही वॉर्डात जावंसं वाटत होतं. पण म्हणाली, “माह्याच्यानं नाही होत जी. मावशी लई शांत होत्या म्हणे, मी वाचलं. मी त अशी भांडखोर.”

माझी तक्रार ती हीच. आपल्या स्मरणिका, आपली शतसांवत्सरिक पुस्तकं, आपली ‘अल्पचरित्रं’ धुवून, इस्त्री करून छापली जातात, आणि चारचौघांसारखी माणसं ती वाचून परत फिरतात. दारू सुटायला दहा वर्षं लागलेला प्रचारक आपल्या पुस्तकात ‘तारुण्यात काही काळ भटकलेला’ होतो. सासूशी न पटलेली बायबलबाई ‘गृहकर्तव्यदक्ष’ होते. बायबल लिहिणाऱ्यांनी असं केलं नाही. पौल आणि बर्णबा मार्कावरून असे तुटले की वाटा वेगळ्या झाल्या. ते प्रेषितांच्या कृत्यांत सरळ लिहिलंय. म्हातारपणी तुरुंगातून पौल त्याच मार्काला घेऊन ये म्हणून लिहितो, तेव्हा त्या ओळीला वजन येतं ते आधीच्या भांडणामुळे.

आपल्या भाषेत हे एका बाईने केलं. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार आला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला, हेही सांगतो. बायकोला त्याची आधी गंधवार्ता नव्हती आणि पुढची काही वर्षं तिची काय परवड झाली, हे लक्ष्मीबाईंनी लिहिलं नसतं तर आपण सांगितलं असतं का? टिळकांचा संताप, घरात पैसा न टिकू देणं, मनात येईल तेव्हा उठून चालू लागणं, सगळं त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. स्वतःचं सोवळं, स्वतःचा हट्टही आहे. 1934 पासून ते भागाभागाने आलं आणि उभ्या महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतलं. टिळकांची किंमत त्याने कमी झाली असं म्हणणारा एक वाचक मला दाखवा. आणि ती लिहिणारी बाई शाळेत न गेलेली. टिळकांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ महाकाव्यही तिनेच पुढे नेलं.

पंडिता रमाबाईंचं काय केलं आपण? त्यांचा पुतळा केला. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर ही बाई तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी त्रैक्याच्या सिद्धांतावरून, मुलगी मनोरमेच्या शिक्षणावरून, कुणाचं कितपत ऐकायचं यावरून पत्रांतून कडाकडा भांडली. ती पत्रं 1977 मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि ती संपादित केली अ. भि. शहांनी, धर्मनिरपेक्षतेचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने! आपल्यातलं कुणी का नाही केलं? त्या हट्टी स्वभावाशिवाय केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं असतं असं मला वाटत नाही. दुष्काळात रमाबाई आपल्या या मध्य प्रांतात येऊन उपाशी मुली घेऊन गेल्या. पुढे मुक्तीच्या छापखान्यात त्यांच्या बायबलच्या भाषांतराचे खिळे जुळवले ते तिथल्याच बायकामुलींनी. त्यांतल्या किती जणींची नावं तुम्हाला ठाऊक आहेत?

आता कुणीतरी उठून विचारणार, म्हणजे काहीही खपवून घ्यायचं का? सकाळी पहिल्या वक्त्याला हीच भीती होती, आणि ती खोटी नाही. एका मंडळीत मी पाहिलंय, विधवांच्या मदतीचा पैसा खाल्लेल्या खजिनदाराने उभं राहून पेत्राचं उदाहरण दिलं आणि अर्धी सभा रडली. मावशी रडली नाही. ती म्हणाली, “पेत्र रडला होता न? मंग पयले पैसे ठेव टेबलावर अन् मंग रड.” पैसे आले, थोडे आले. खजिन्याची किल्ली त्याच्याकडे परत गेली नाही. रविवारी चटया अंथरायचं काम त्याने शेवटपर्यंत केलं. दुबळ्याला लुबाडणाऱ्याच्या हाती तीच जागा पुन्हा द्यायची नाही, हे मी तिच्याकडून शिकलो. लपवाछपवी करणारी मंडळी मात्र खर्रा खाणारीला घरी बसवते आणि खजिनदाराला ‘बंधुप्रेमाने’ सांभाळून घेते. दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा माझी सूचना अशी. नागपूर, कामठी, भंडारा, चांदा, जिथे जिथे जुन्या मंडळ्या आहेत तिथल्या प्रचारकांची, बायबलबायांची, पेटी वाजवणाऱ्यांची, घंटा देणाऱ्यांची चरित्रं लिहावीत. खरी लिहावीत. त्यासाठी एखादी समिती नेमावी. तीत कोण असावं, पंचांच्या जुन्या इतिवृत्तांच्या वह्या कुठून मिळवाव्यात, ते जेवणानंतर ठरवू. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरातच उत्तर भारतीय मंडळीची स्थापना झाली, तेव्हा मंडपात हजर असलेली माणसं आता थोडीच उरलीत. त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. घरच्यांच्या भावना दुखावतील, दुखावू देत, पण त्यांना आधी वाचायला द्या. पृष्ठसंख्या, मुदत वगैरे मी अजून विचारात घेतलेली नाही. लेखकांना मानधन मिळणार का, असं सकाळी एका तरुण मित्राने विचारलं होतं. त्याचं उत्तर कोषाध्यक्ष देतील. ते मघाशीच उठून पंगतीकडे गेले आहेत.