बंद कोठडीतून भिंतीवर
(कलाशाखेच्या विद्यार्थी-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



पॅरिसच्या ‘एकोल दे बोझार’ या सरकारी कलाशाळेत पिढ्यान्‌पिढ्या एक स्पर्धा चालत आली होती. रोम पारितोषिकाच्या उमेदवारांना स्वतंत्र कोठड्यांत बसवून काम करावयास लावीत. शेजारच्या कोठडीत काय चालले आहे ते कोणास कळता कामा नये. विजेता सरकारी खर्चाने रोमला जाई. कलेचे ज्ञान ही एकट्याने मिळवावयाची व एकट्यानेच भोगावयाची मालमत्ता आहे, हा भांडवलदारी धडा तेथे असा गिरवून घेतला जात होता. १९६८ च्या मे महिन्यात त्याच इमारतीतील विद्यार्थ्यांनी तो पुसून टाकला.

८ मे रोजी शाळेत संप सुरू झाला. १३ तारखेस विद्यार्थी आणि कामगार यांचा प्रचंड मोर्चा पॅरिसच्या रस्त्यांवरून गेला, आणि दुसऱ्याच दिवशी शाळेच्या शिळाछाप विभागात पहिले भित्तिपत्रक निघाले. त्यावर तीनच शब्द होते: कारखाने, विद्यापीठे, एकजूट. प्रती जेमतेम तीस. चित्रकार जेरार फ्रोमांजे यांनी पुढे सांगितले आहे की, त्या एका कलादालनात विकून लढ्यासाठी पैसा उभा करावा, असा बेत होता. पण दहा पावलेही जाता आले नाही. रस्त्यातल्या विद्यार्थ्यांनी प्रती हिसकावून घेतल्या आणि सरळ भिंतींवर डकवल्या. ‘जनतेची कार्यशाळा’ जन्मली ती अशी, कोणाच्या प्रबंधातून नव्हे.

शिळाछापाचा वेग पुरेना, तेव्हा स्क्रीन प्रिंटिंग आले. लाकडी चौकटीवर ताणलेले कापड, रबरी पात्याने ओढलेली शाई, खाली वर्तमानपत्री कागद. ज्याने कधी कुंचला धरला नाही त्यालाही हे तंत्र थोडक्या वेळात हाती येते. हातखंडा कलावंत आणि नवखा यांच्यामधली भिंत तेथेच खचते.

परंतु खरा पालट यंत्रात नव्हता, निर्णयाच्या रीतीत होता. दिवसभरात आलेले आराखडे सर्वसाधारण सभेपुढे मांडले जात. कोणत्याही पत्रकावर चित्रकाराची सही नसे. सभा मुख्यतः दोनच प्रश्न विचारी: यातील राजकीय विचार बरोबर आहे काय? आणि हे चित्र तो विचार नीट पोहोचविते काय? चर्चेत संपकरी कामगार बसत, आपल्या मागण्या सांगत, चित्रात काय चुकले तेही सांगत. जे ज्ञान पूर्वी प्राध्यापकाच्या शेऱ्याने मान्य वा अमान्य ठरे, त्याची पारख आता ज्यांना ते वापरावयाचे होते तेच करीत होते. कारखान्याचे धुराडे वर जाता जाता आवळलेली मूठ होते, हे सुप्रसिद्ध चित्र याच कार्यशाळेचे. फ्रेंच आणि परदेशांतून आलेले कामगार एक आहेत, हे सांगणारी पत्रकेही तिचीच.

या कथेला दुसरी बाजू आहे. ती झाकून ठेवणे पक्षकार्यकर्त्याला शोभणार नाही. मेच्या मध्यास विद्यार्थ्यांचा मोर्चा बियांकूरच्या रनो कारखान्यावर गेला तेव्हा फाटके बंद राहिली. कामगार संघटनांच्या नेत्यांना विद्यार्थ्यांविषयी अविश्वास होता, आणि त्याला कारणेही होती: काही अतिडावे गट संघटनांना शिव्याशाप देण्यातच क्रांती मानीत. तरीही बंद फाटक हे त्या रोगाचे औषध नव्हे. फाटकावर जे झाले नाही ते, अल्प प्रमाणात का होईना, शाईने बरबटलेल्या त्या खोल्यांत घडत होते.

पत्रके शोभेची वस्तू म्हणून वापरू नयेत, त्यांची जागा रस्त्यावर आणि कारखान्याच्या भिंतीवर आहे, असे कार्यशाळेने लेखी बजावले होते. आज ती संग्रहालयांत टांगलेली असतात, लिलावांत विकली जातात. जे भिंतीवर फुकट होते त्यावर आता किमतीची चिठ्ठी आहे.

जूनमधील निवडणुकांच्या धामधुमीत, २७ तारखेस, पोलिसांनी शाळा रिकामी केली. रोम पारितोषिकाची स्पर्धाही त्याच वर्षी सरकारने बंद केली. पोलीस इमारतीत बसले, पण छपाई थांबली नाही. बाहेर, दुसऱ्या जागी, नवे पत्रक निघाले. त्यात शब्दांचा खेळ होता: बोझारमध्ये पोलीस चिकटले आहेत, बोझार आता रस्त्यावर चिकटते आहे.