आरोग्याचा पहिला निरोप
(उळवी येथे महाजनांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



देवस्थानच्या मेळाव्यात एका वैद्याने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्याकडे देऊळ हे केवळ पूजेचे स्थान कधीच नव्हते. वाटसरूला निवारा, तहानलेल्याला पाणी आणि आजाऱ्याला आधार देवळाच्याच ओसरीवर मिळत असे. त्या परंपरेचे स्मरण ठेवून आपण मला बोलावलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. गावातली प्राथमिक आरोग्यसेवा कशी बदलत गेली आणि साथीच्या प्रसंगी आपली तयारी कशावर अवलंबून असते, हा माझा आजचा विषय आहे.

उळवीला येणाऱ्या प्रत्येकाला हा मुलूख किती दूरचा आहे याची जाणीव वाटेवरच होते. जोयडा तालुका, म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका, विस्ताराने मोठा आणि वस्तीने अगदी विरळ. काळी नदीवरील धरणात जुने सुपे गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. येथील कुणबी, गवळी, सिद्दी अशा समाजांच्या वाड्या रानात विखुरलेल्या आहेत. एका वाडीत चार घरे, पुढच्या वाडीत सहा, आणि मध्ये ओढे, चढण व अरण्य.

आता सरकारी आरोग्यसेवेचा हिशोब पाहा. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला आणि उपचार व रोगप्रतिबंध ही दोन्ही कामे एकाच प्राथमिक केंद्रातून व्हावीत, असा विचार मांडला. त्यानुसार १९५२ पासून देशात प्राथमिक आरोग्य केंद्रे सुरू झाली. आपला जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता; १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आला. पुढे डोंगरी व आदिवासी भागासाठी वीस हजार वस्तीमागे एक केंद्र आणि तीन हजारांमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरले. सपाटीवर हेच आकडे तीस हजार व पाच हजार आहेत. सवलत दिली, हे खरे. परंतु हा हिशोब माणसांचा आहे, अंतराचा नाही. तीन हजार माणसे सपाटीवर एका गावात मावतात. आमच्याकडे तेवढी माणसे गोळा करायची तर किती डोंगर ओलांडावे लागतील, हे आपणच जाणता.

तरीही बदल झालाच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १९७८ साली आल्मा-आटा येथे भरलेल्या जागतिक परिषदेने प्राथमिक सेवा हाच सर्वांच्या आरोग्याचा पाया मानला. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि ‘आशा’ या नावाने गावचीच एक स्त्री आरोग्यसेवेच्या कामाला लागली. २००८ पासून कर्नाटकात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. कारवारला २०१६ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर अधिक सेवा देणाऱ्या केंद्रांत होऊ लागले आणि २०२३ साली त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले. नाव मंदिराचे मिळाले; परंतु मंदिर दगडांनी उभे राहत नाही, ते येणाऱ्यांच्या विश्वासावर उभे राहते, हे महाजनांना मी काय सांगावे?

या विश्वासावरच मला बोलायचे आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा सरकारजवळ कायदा होता, पैसा होता, सैनिकही होते. परंतु घरात शिरून झडत्या सुरू झाल्या आणि लोक रोगी लपवू लागले. रोग लपला की तो पसरतो. याच्या उलट उदाहरण देवीच्या रोगाचे. त्याच्या निर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्यात केवळ लस टोचण्यावर भर नव्हता. बाजारात, शाळेत, घरोघर जाऊन ‘असा रोगी कोठे दिसला का?’ असे विचारले जाई आणि वार्ता देणाऱ्याला बक्षीसही मिळे. वार्ता मिळताच त्या घराभोवतीच्या साऱ्यांना लस देऊन रोग कोंडला जाई. १९७५ साली भारतातील देवीचा शेवटचा रोगी आढळला आणि हजारो वर्षांची ती भीती संपली. एकीकडे वार्ता लपली, दुसरीकडे ती वेळेवर पोचली. साथीच्या तयारीचे सारे मर्म या दोन चित्रांत आहे.

तिसरे उदाहरण आपल्यासारख्याच अरण्यप्रदेशातले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. वजन कसे घ्यावे, ऊब कशी द्यावी, जंतुदोषाची लक्षणे कशी ओळखावीत, हे त्या स्त्रिया घरोघर जाऊन पाहू लागल्या. १९९५ पासूनच्या या कामाचा वृत्तान्त १९९९ साली लॅन्सेट या ख्यातनाम वैद्यकीय पत्रिकेत छापून आला. त्या गावांतील नवजात बालमृत्यूचे प्रमाण हजारी सुमारे ६२ वरून २५ वर उतरले होते. मोठे रुग्णालय तेथे उभारले गेले नव्हते; घरात डोकावणारी एक जाणती स्त्री उभी राहिली होती. ज्या घरात ती बाळाच्या जन्माच्या वेळी आली, त्या घरातील माणसे तापाची बातमीही तिलाच प्रथम सांगणार. रोजची सेवा आणि संकटाची तयारी या दोन निराळ्या गोष्टी नाहीत. पहिलीच्याच पोटी दुसरी जन्मते.

आता आपल्या रानाकडे वळू. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्या रोगाचा विषाणू शोधून काढला. हाच क्यासनूर जंगलताप; आपण त्याला माकडताप म्हणतो. तो वाऱ्यासारखा येत नाही आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडेही जात नाही. त्याचा वाहक आहे गोचीड, आणि त्यातही गोचिडीचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे पिल्लू. वानर वा माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी तेथल्याच पाल्यात उतरतात आणि ती जागा धोक्याची होते. हा रोग एका जागी राहिलेला नाही. १९८३ च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्यात त्याची फार मोठी साथ आली. काजूच्या लागवडीसाठी तेथे जंगल तोडले गेले होते. पुढे २०१५ साली गोव्यातील सत्तरी आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग या तालुक्यांत तो प्रकटला. आपल्याच जिल्ह्यातील सिद्धापूरने अलीकडच्या वर्षांत त्याचे मृत्यू पाहिले आहेत. नकाशा उघडून पाहा. आपण या साऱ्यांच्या मध्ये आहोत आणि सह्याद्रीचे रान सलग आहे.

या रोगावर नेमके औषध नाही. लक्षणांप्रमाणे उपचार करावा लागतो आणि तो लवकर सुरू झाला तर बहुसंख्य रोगी वाचतात. कर्नाटकात १९९० पासून दिली जाणारी लस पुरेशी गुणकारी ठरत नसल्याचे दिसून आल्याने २०२२ नंतर तिचा वापर थांबला. नव्या लशीचे काम चालू आहे. म्हणून आज आपल्या हाती मुख्यतः एकच शस्त्र आहे, वेळेवर पोचलेली वार्ता.

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत सह्याद्रीतील एका केंद्रावर एक तरुण तीव्र ताप व अंगदुखी घेऊन आला. मी ताप किती दिवसांचा ते विचारले, हिवतापाची गोळी दिली आणि पुढचा रोगी बोलावला. तो कोठून आला, काय काम करतो, रानात काय पाहिले, यांपैकी काहीही विचारले नाही. चार दिवसांनी त्याचा धाकटा भाऊ तशाच तापाने आला, त्याच जागेवरचा पाला आणायला तो गेला होता. त्यांची आई म्हणाली, “तिथं दोन वानरं मरून पडली होती, डॉक्टरसाहेब. पण आम्हांला कुणी विचारलंच नाही.” थोरला वाचला, धाकटा वाचला नाही. माझ्या कपाटात औषधे होती, नोंदवही होती. नव्हता तो एक प्रश्न. वार्ता त्या माउलीजवळ होती. ती घेण्यास मी तयार नव्हतो.

बंधूंनो, ही गोष्ट आपल्या यात्रेशी जोडून पाहा. माघ पौर्णिमेच्या सुमारास उळवीस चन्नबसवेश्वरांची यात्रा भरते. बेळगाव-धारवाडकडील भाविक आजही बैलगाड्या जुंपून रानवाटेने येतात, झाडांखाली उतरतात, वाळल्या पाल्यावर अंथरूण घालतात. आणि माकडतापाचा हंगामही मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंतचाच. पिल्लू गोचिडींचे हेच दिवस. मोठी गोचीड गुरांच्या अंगावर पोसते, हेही लक्षात घ्या. गोचीड चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण तीन ते आठ दिवस जातात. म्हणजे यात्रेकरू आजारी पडेल तो येथे नव्हे, आपल्या घरी पोचल्यावर, जेथील डॉक्टरला उळवीचे रान ठाऊक नसेल. तेथे तो रोग कोण ओळखणार? आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे बेळगाव, गोवा, मुंबईस राहतात आणि उत्सवापुरती येतात; त्यांनाही हेच लागू आहे.

भीती घालून यात्रा कमी करावी, असे मी मुळीच सुचवीत नाही. महाजनांच्या हाती असलेली काही साधी कामे तेवढी मांडतो. यात्रेच्या महिनाभर आधी केंद्रातील डॉक्टर, परिचारिका व आशा कार्यकर्त्यांना सन्मानाने बोलावून एक बैठक घ्यावी. उतरण्याच्या जागांवरचा पालापाचोळा झाडून घ्यावा. बैल बांधण्याची जागा व माणसांच्या निजण्याची जागा दूर असाव्यात. पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण व संडासांची सोय या जुन्या गोष्टी विसरू नयेत, कारण यात्रेत पटकीची भीती माकडतापाहून जुनी आहे. रानातून आल्यावर कढत पाण्याने स्नान करून अंग तपासावे, अंगभर कपडे घालावेत, गोचीडरोधक तेल लावावे. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता तत्काळ केंद्रास कळवावे. आणि कळवणाऱ्याला दोष वा चौकशीचा त्रास होणार नाही, याची हमी महाजनांनी द्यावी. शेवटी, प्रसादाबरोबर प्रत्येक यात्रेकरूच्या हाती मराठी व कन्नडमध्ये छापलेली एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर इतकेच असावे: ‘घरी गेल्यावर पंधरा दिवसांत ताप आल्यास, मी उळवीच्या रानात गेलो होतो, असे डॉक्टरांना आधी सांगा.’

या चिठ्ठीस फारसा खर्च येणार नाही. परंतु त्या तरुणाच्या हाती अशी एक चिठ्ठी असती, तर न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला आपोआप मिळाले असते आणि कदाचित एका आईचा धाकटा मुलगा आज हयात असता. सरकारने केंद्रे उभारावीत, डॉक्टर नेमावेत, रस्ते करावेत, यासाठी आपण आग्रह धरलाच पाहिजे. तो आपला हक्क आहे. तथापि रानातल्या शेवटच्या वाडीतील निरोप केंद्रापर्यंत आणणे हे काम कोणत्याही आदेशाने होत नाही. ते शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी करायचे असते, आणि तेच महाजनपण होय, अशी माझी नम्र समजूत आहे.