कोको रोखून धरला तेव्हा

(हिरड्याच्या भावासाठी भरलेल्या शिबिरातलं आमचं बोलणं. बोललो तसंच उतरवून काढलं आहे.)

साथींनो, आणि मागं बसलेल्या आजी-मावश्यांनो,

काल रात्री इथं एक प्रश्न निघाला. या साली बाळहिरडा व्यापाऱ्याला घालायचाच नाही, पोती घरातच ठेवायची, असं केलं तर? कुणी तरी म्हणालं, असं कुठं झालंय का? झालंय. लई लांब, आफ्रिकेत. आम्ही त्याबद्दल वाचलंय, तेवढं सांगतो.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला घाना देश आहे. इंग्रजांच्या राज्यात त्याला गोल्ड कोस्ट म्हणत. तिथल्या जंगलपट्ट्यात कोको होतो, चॉकलेट बनतं तो. 1911 पर्यंत जगातला सर्वात जास्त कोको गोल्ड कोस्टात पिकायला लागला होता. आणि मळे साहेबाचे नव्हते, तिथल्याच शेतकऱ्यांचे होते. फळ कोयत्यानं फोडायचं, आतल्या बिया केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस उबवायच्या, मग उन्हात वाळवायच्या. वाळवण घालायचं आणि आभाळ भरून आलं की उचलायला धावायचं, ते काय काम असतं हे आपल्या बायांना सांगायला नको.

पण भाव ठरायचा लंडन-न्यूयॉर्कला, जिथं कोकोचं एक झाड उगवत नाही. माल घेणाऱ्या कंपन्या युरोपातल्या. युनायटेड आफ्रिका कंपनी सगळ्यांत मोठी, चॉकलेटवाली कॅडबरीही त्यांत होती. 1937 च्या हंगामात या कंपन्यांनी आपसात करार केला: कुणी किती माल घ्यायचा ते आधीच वाटून घ्यायचं, आणि एकमेकांवर चढाओढीनं भाव द्यायचा नाही. त्याच साली बाजारही कोसळला होता. आपल्या बाजारातले चार काटेवाले सकाळी चहाच्या टपरीवर एकत्र बसतात आणि मग चौघांच्या तोंडून एकच भाव निघतो, तसंच हे.

शेतकऱ्यांनी काय केलं? कोको द्यायचाच बंद केला. गावोगावचे मुखिया त्यांच्या बाजूला उभे राहिले. कुणी विकायचा नाही अशी दवंडी झाली, मोडेल त्याला दंड. दलालसुद्धा शेतकऱ्यांबरोबर आले, कारण करारानं त्यांचीही कमाई बुडत होती. आणखी एक गोष्ट केली, ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. याच कंपन्यांची तिथं दुकानं होती. कापड, बाहेरचा माल तिथूनच घ्यावा लागे. लोकांनी तो मालही घेणं सोडलं. म्हणजे देणं बंद आणि घेणंही बंद. 1938 च्या एप्रिलपर्यंत हे चाललं. कोकोच्या झाडांमधे ते लोक केळी आणि कंद लावतात, त्यामुळं पोटाला काही तरी होतं.

विलायतेत याकडं कसं बघितलं? कंपन्या म्हणाल्या, शेतकऱ्याला काय कळतंय, मुखियांनी आणि दलालांनी धाक घालून भडकवलंय. आपल्याबद्दल कचेरीत हेच बोलतात ना? शेवटी इंग्रज सरकारनं नोवेल नावाच्या साहेबाचा चौकशी आयोग पाठवला. कंपन्यांनी तो करार मागं घ्यावा, असं आयोगानंच सांगितलं. तडजोड झाली, माल हलला. पण खरं ते सांगायला हवं: भाव काही फार वाढला नाही. करार गेला, बाजार पडलेलाच राहिला.

पुढं 1947 ला सरकारी कोको मंडळ आलं. आता कंपनीचा जाच नाही, असं लोकांना वाटलं. मंडळ जगाच्या भावापेक्षा कमी द्यायचं आणि वरचा पैसा लंडनला ठेवायचं. 1954 मधे, एनक्रुमांचं आपल्याच लोकांचं सरकार असताना, 60 पौंडांच्या ओझ्याला 72 शिलिंग भाव बांधून टाकला, बाहेर त्याहून कितीतरी जास्त होता. त्यावर अशांती भागात मोठी चळवळ उठली. म्हणून महामंडळ आलं की सुटलो, असं आम्ही तरी म्हणणार नाही. काटा कुणाचा आणि हिशेबाची वही कुणाच्या हातात, ते विचारायचं.

दुसरी गोष्ट अलीकडची. शेजारच्या आयव्हरी कोस्टच्या राष्ट्रपतींनी 1988 ला भाव पडल्यावर देशाचा कोको रोखून धरला. पण मलेशिया, ब्राझील, घाना विकतच राहिले. गिऱ्हाइकांना माल मिळत गेला. पैसा संपला, कर्ज देणाऱ्या परदेशी संस्था अडून बसल्या, आणि 1989 मधे शेतकऱ्याचा भाव किलोला 400 फ्रँकवरून 200 वर आला. रोखायचं वरून ठरलं, झळ खाली बसली.

आमच्यात यावरून दोन मतं आहेत. काही साथी म्हणतात, आपण गोल्ड कोस्टासारखे. काहींना भीती आहे की घाटापलीकडचे पाडे विकत राहतील आणि आपला हिरडा पावसात काळा पडेल. दोन्ही बाजूंचं ऐकून घेऊ.

तर मंगळवारच्या बैठकीला येताना दर पाड्यानं तीन गोष्टी मोजून आणा: घरात दाणे किती दिवसांचे आहेत, व्यापाऱ्याची उचल कुणाच्या डोक्यावर किती आहे, आणि हिरडा कोरडा राहील अशी जागा कुणाच्या घरात आहे. घाटापलीकडं निरोप घेऊन दोघं उद्या पहाटे निघतायत, त्यांच्यासाठी भाकरी बांधून द्या.