तीन आवाजांचा वाद्यवृंद

संगणक म्हणजे हिशेब करणारे यंत्र, ही समजूत अद्याप पुष्कळांच्या मनात घर करून आहे. त्या यंत्राने गावे, आणि ऐकणाऱ्याने ते पुनःपुन्हा ऐकावे, हा चमत्कार सामान्य माणसाच्या घरात घडवून आणला तो प्रामुख्याने कमोडोर ६४ या संगणकाने. सन १९८२ मध्ये तो अमेरिकेत विक्रीस आला. दिसायला टंकलेखनयंत्रासारखा, घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचा, आणि स्मृती अवघी ६४ किलोबाइट. आज मोबाईलवर काढलेले साधे छायाचित्रही तेवढ्या जागेत मावत नाही.

या यंत्राच्या पोटात बॉब यानेस या तरुण अभियंत्याने रचलेली ‘सिड’ नावाची चिप होती. तत्कालीन संगणकांतील ध्वनियोजना संगीताचा गंध नसलेल्या माणसांनी केलेली आहे, असे यानेसचे रोखठोक मत होते. त्याने आपल्या चिपला तीन आवाज दिले. प्रत्येक आवाजाचा पोत बदलता येई. स्वर कसा उमटावा, किती टिकावा, कसा विरावा, हेही ठरविता येई. तथापि एका आवाजातून एका वेळी एकच स्वर निघे, आणि खरी अडचण तेथेच होती.

पाश्चात्त्य संगीताचा कणा म्हणजे स्वरसंवाद. तीन-चार स्वर एकदम वाजले पाहिजेत. तिन्ही आवाज त्यातच खर्ची पडले, तर मुख्य चाल कोणी वाजवावी, आणि ताल कोणी धरावा? यावर रचनाकारांनी काढलेली तोड मोठी मार्मिक आहे. सा, ग आणि प हे स्वर एकाच आवाजातून एकामागून एक, सेकंदाला पन्नास वेळा पालटत वाजवावयाचे. जळते कोलीत गरगर फिरविले की डोळ्यांना अग्नीचे वर्तुळ दिसते. त्या अलातचक्रासारखीच ही कानाची फसवणूक होय. स्वर पृथक् ऐकू येत नाहीत, एक थरथरता मेळ तेवढा ऐकू येतो. पुढे ही थरथरच या संगीताची ओळख ठरली.

दुसरी युक्ती तर चिपच्या दोषातून निघाली. आवाजाची पातळी बदलली की बारीकसा ‘टक्’ असा ध्वनी येई. रचनाकारांनी ती पातळी सेकंदाला हजारो वेळा बदलून त्या ‘टक्’मधूनच ढोल वाजविला, माणसाचे बोलणेसुद्धा काढले. तीन आवाजांच्या यंत्राला चौथा आवाज फुटला! पुढे कारखान्याने चिपची सुधारलेली आवृत्ती काढली, दोष जवळजवळ नाहीसा झाला, आणि त्याबरोबर तो चौथा आवाजही क्षीण झाला. यंत्र सुधारले, संगीत मात्र बिघडले.

इंग्लंडच्या हल शहरातील रॉब हबर्ड हा या कलेचा अग्रणी. सन १९८५ च्या ‘मॉन्टी ऑन द रन’ या खेळासाठी त्याने केलेली रचना खेळापेक्षा अधिक काळ टिकली. खेळाने व्यापून उरलेल्या तुटपुंज्या जागेत, स्वरलिपीऐवजी आकडे मांडून हे काम करावे लागे.

याच सुमारास युरोपातील काही मुले विकत मिळणाऱ्या खेळांची कुलुपे फोडून त्यांच्या प्रती वाटू लागली. हे कृत्य बेकायदा होते, ते झाकण्यात अर्थ नाही. परंतु फोडलेल्या खेळाच्या आरंभी ती आपली नाममुद्रा जोडीत: थोडी चित्रे, सरकती अक्षरे आणि संगीत. कालांतराने खेळ गळून पडला आणि नाममुद्राच कला होऊन बसली. तीच ‘डेमो’, आणि तिच्या उपासकांचे जग म्हणजे ‘डेमोसीन’.

सन १९८५ मध्ये आलेल्या अमिगा संगणकावर चार वाहिन्यांतून ध्वनिमुद्रित नाद वाजविता येत. त्यासाठी सन १९८७ मध्ये कार्स्टेन ओबार्स्की या जर्मन तरुणाने ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ हे साधन लिहिले. पडद्यावर चार उभे स्तंभ, प्रत्येकात चौसष्ट ओळी, आणि वाजता वाजता वर सरकत जाणारे स्वर. बाजारात ते फारसे चालले नाही. इतरांनी मात्र त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या घरोघर पोहोचविल्या.

या पद्धतीत स्वर आणि नाद दोन्ही एकाच फाईलमध्ये असत. ती उघडणाऱ्याला रचनाकाराची प्रत्येक क्लृप्ती दिसे. बडे महंमद खाँची गायकी हद्दू-हस्सू खाँनी दडून ऐकून आत्मसात केली, ही आख्यायिका ग्वाल्हेरच्या रसिकांना ठाऊकच आहे. येथे दडण्याचे कारणच उरले नाही. गुरूविना शिकणाऱ्या पोरांना शेकडो गुरू लाभले. अर्थात दुसऱ्याचे नाद बिनदिक्कत उचलण्याची खोडही त्यातूनच लागली. फिनलंडच्या ‘फ्यूचर क्रू’ या मंडळीने सन १९९३ मध्ये ‘सेकंड रिअ‍ॅलिटी’ हा डेमो सादर केला. त्याच्या संगीतकारांपैकी योन्ने वाल्टोनेन याने पुढे पूर्ण वाद्यवृंदासाठी संगीतयोजना केल्या.

सन २०२० मध्ये फिनलंडने आणि त्यानंतरच्या वर्षी जर्मनीने डेमोसीनला आपल्या जिवंत सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. परंतु सिड चिप आता निघत नाही, आणि जुन्या चिपांतील गाळणीमंडले एकसारखी नसत. तीच रचना दोन यंत्रांवर दोन परींनी वाजे. चाहत्यांनी पन्नास हजारांहून अधिक रचनांचा संग्रह जपला आहे. त्यात जपलेले आहे ते ध्वनिमुद्रण नव्हे, तर चिपला दिलेल्या आज्ञा. त्या आज्ञा पाळणारे मूळ वाद्य मात्र एकेक करून मुके होत चालले आहे.